संपादन-संचातील दोषशोध: चित्र, ध्वनी आणि तबकडी

संचाची साखळी

व्हिडिओ संपादनाचा संच ही एक साखळी असते. कॅमेरा किंवा टेप-डेक, संगणकापर्यंत येणारी केबल, संपादनाचे सॉफ्टवेअर, तेथून मॉनिटरकडे आणि स्पीकरकडे जाणारे दोन वेगळे मार्ग, एन्कोडर, ऑथरिंगचे सॉफ्टवेअर, डिस्क रायटर आणि शेवटी प्रेक्षकाच्या घरातील प्लेअर व टीव्ही, असा तिचा क्रम. 1995 मध्ये आलेले डीव्ही स्वरूप आणि फायरवायर जोडणी यांमुळे ही साखळी दूरचित्रवाणी केंद्रांतून बाहेर पडून साध्या संगणकावर आली, आणि लग्न-मुंजीचे चित्रण करणाऱ्या गावोगावच्या स्टुडिओंचा व्यवसाय तिच्यावर उभा राहिला. यंत्र खरोखर बिघडल्याचे प्रसंग या साखळीत कमी असतात. बहुतेक दोष दोन कड्यांच्या सांध्यावर उद्भवतात. ओळींचा क्रम, काळ्या रंगाची पातळी, ध्वनीचा नमुना-दर किंवा पिक्सेलचा आकार यांविषयी पाठवणाऱ्या कडीचे गृहीत एक असते आणि घेणाऱ्या कडीचे दुसरे. चित्र, ध्वनी आणि तबकडी यांच्या तक्रारी वरवर स्वतंत्र वाटतात. त्यांचे मूळ मात्र पुष्कळदा याच प्रकारचे असते, आणि क्वचित ध्वनीविषयी केलेल्या निवडीचा परिणाम थेट चित्रावर दिसतो.

दोषाची जागा ठरवणे

कारण शोधण्याआधी जागा ठरवणे हा दोषशोधाचा पहिला नियम. साखळीच्या साधारण मध्यावर संकेत तपासायचा. तिथे तो निर्दोष असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्या भागात, नसेल तर मागच्या. प्रत्येक तपासणीत संशयाचे क्षेत्र निम्मे होते, त्यामुळे दहा कड्यांच्या साखळीलाही चार तपासण्या पुरतात. नेहमीचे फुटेज या कामाला फारसे उपयोगी नसते, कारण मुळात ते कसे दिसायला हवे हेच निश्चित नसते. त्यासाठी ज्ञात संकेत लागतो: रंगपट्ट्या आणि 1 किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर. दोन्ही जवळजवळ प्रत्येक संपादन-सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात आणि टाइमलाइनवर ठेवून शेवटच्या टीव्हीपर्यंत त्यांचा माग काढता येतो. दुसरा नियम कंटाळवाणा, पण तितकाच महत्त्वाचा: एका वेळी एकच बदल. केबल, ड्रायव्हर आणि प्रोजेक्टची सेटिंग्ज एकाच बैठकीत बदलली तर दोष जातो, पण कशामुळे गेला ते कळत नाही. आणि असा दोष बहुधा परत येतो.

संगणकाचा पडदा आणि टीव्हीचा मॉनिटर

संपादनाच्या खिडकीत दिसणारे चित्र हा बाहेर जाणाऱ्या संकेताचा केवळ अंदाज असतो. पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली असते. एका फील्डमध्ये एकाआड एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या. म्हणजे सेकंदाला 50 फील्ड, प्रत्येकी 20 मिलिसेकंदांचे. संगणकाचा पडदा मात्र सर्व ओळी एकदम रंगवतो, बहुधा सेकंदाला 60 वेळा, चौरस पिक्सेलमध्ये आणि स्वतःच्या रंगव्यवस्थेत. शिवाय प्रोसेसरवरचा भार हलका करण्यासाठी सॉफ्टवेअर तिथे कमी रिझोल्यूशनचे चित्र दाखवते. म्हणून बाहेरचा मॉनिटर लागतो. डीव्हीच्या काळात संगणकातून फायरवायरने कॅमेऱ्याकडे किंवा कन्व्हर्टरकडे आणि तिथून टीव्हीकडे संकेत नेला जाई. पुढे डेकलिंक किंवा एजेएसारख्या कार्डांमधून एसडीआय अथवा एचडीएमआयचा स्वतंत्र मार्ग आला. ग्राफिक्स कार्डाच्या दुसऱ्या तोंडाला टीव्ही जोडणे हा स्वस्त पर्याय आहे, पण तो डेस्कटॉपचाच विस्तार असतो. तेथील दर 60 हर्ट्झवर राहिला तर 25 फ्रेमचे चित्र समान विभागले जात नाही आणि कॅमेरा हळू फिरवलेल्या दृश्यात ठेचकाळल्यासारखी गती दिसते. दर 50 हर्ट्झ केला की बहुतेक वेळा तक्रार मिटते.

मॉनिटर जोडल्यावर तो जुळवावाही लागतो. रंगपट्ट्यांच्या संकेतात तळाशी काळ्या रंगाच्या तीन छटा असतात: काळ्याहून किंचित गडद, नेमका काळा आणि काळ्याहून किंचित उजळ. पहिल्या दोन एकमेकींत मिसळाव्यात आणि तिसरी जेमतेम दिसावी, इतकाच ब्राइटनेस ठेवायचा. रंगाची तीव्रता निळ्या रंगापुरता पडदा पाहून ठरते. व्यावसायिक मॉनिटरवर त्यासाठी वेगळे बटण असते, साध्या टीव्हीसमोर गडद निळा फिल्टर धरला जातो. खोलीतील प्रकाश बदलला की ही सारी जुळवणी बदलते. दुपारी खिडकी उघडी ठेवून केलेले रंगशोधन रात्री गडद भासते, याचे कारण इतके साधे आहे.

फायरवायरचा परतीचा मार्ग

कॅमेरा जोडला, सॉफ्टवेअरला तो दिसला, टेप चालू-बंदही होते. पण टीव्हीवर चित्र येत नाही. अशा वेळी आधी कॅमेऱ्याची क्षमता पाहावी. युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक पाल कॅमेऱ्यांत बाहेरून डीव्ही संकेत स्वीकारण्याची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असे, कारण अशी सोय असलेल्या कॅमेऱ्यावर तिथे व्हिडिओ रेकॉर्डरचे अधिक आयात शुल्क लागू होई. असा कॅमेरा टीव्हीपर्यंतचा पूल होऊ शकत नाही. त्यात बिघाड काहीच नसतो. कॅमेरा व्हीसीआर स्थितीत असणे, केबल 4.5 मीटरपेक्षा लांब नसणे आणि एकाच वेळी दोन सॉफ्टवेअरनी उपकरणावर हक्क न सांगणे, या उरलेल्या नेहमीच्या अटी. सहा पिनांच्या जोडणीतून वीजही वाहते. ती उलटी घातल्यास कॅमेऱ्याचे पोर्ट कायमचे निकामी होऊ शकते, म्हणून दोन्ही यंत्रे बंद असतानाच जोडणी करण्याची शिस्त पडली.

काळी खिडकी

ध्वनी ऐकू येतो, वेळेचा काटा पुढे सरकतो, पण चित्राच्या जागी काळा चौकोन असतो. विंडोज एक्सपीच्या काळातील संगणकांवर ही तक्रार फार सामान्य होती. तेव्हाची ग्राफिक्स कार्डे चालते चित्र डेस्कटॉपमध्ये न मिसळता ओव्हरले नावाच्या वेगळ्या थरातून पडद्यावर टाकत. सॉफ्टवेअर खिडकीत एक ठरावीक रंग भरून ठेवी आणि कार्ड त्या रंगाच्या जागी चित्र बसवी. बहुतेक कार्डांत असा थर एकच असे. आधी उघडलेल्या मीडिया प्लेअरने तो धरून ठेवला, किंवा खिडकी दुसऱ्या पडद्यावर सरकवली, की मागे उरे तो फक्त भरलेला रंग. पडद्याचा स्क्रीनशॉट घेतल्यावर चित्राच्या जागी रिकामा चौकोन येई, तोही याच कारणाने. इतर प्लेअर बंद करणे, खिडकी मुख्य पडद्यावर आणणे आणि ड्रायव्हर नवा करणे हे उपाय होते. विंडोज व्हिस्टापासून पडदा रचण्याची पद्धत बदलली आणि हा दोष मागे पडला. जुने टेप-कॅप्चर संच जपून ठेवणाऱ्यांना तो अजून भेटतो.

काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्या

आठ बिटांच्या व्हिडिओत काळा रंग 16 वर आणि पांढरा 235 वर धरतात. संगणकाच्या चित्रांत हेच टोकाचे आकडे 0 आणि 255 असतात. रूपांतर एकदाच आणि योग्य दिशेने झाले तर काही बिघडत नाही. व्हिडिओच्या पातळ्यांचे चित्र संगणकाच्या पातळ्यांचे समजून दाखवले तर काळा राखाडी होतो आणि सारे दृश्य धुरकट दिसते. उलट घडले तर सावल्या काळ्या ठिक्कर पडतात, पांढऱ्या कपड्याच्या चुण्या नाहीशा होतात. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, टीव्हीचे एचडीएमआय सेटिंग आणि सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट या तीन ठिकाणी ही निवड असते. त्यांपैकी दोन ठिकाणी रूपांतर चालू असेल तर ते दोनदा होते. येथे मोठा धोका दुरुस्तीचा आहे. धुरकट दिसणाऱ्या मॉनिटरवर विसंबून संपादक कॉन्ट्रास्ट वाढवतो, म्हणजे निर्दोष संकेतात स्वतः दोष घालतो, आणि तो डिस्कवर कायम होतो. वेव्हफॉर्म पाहून काम केले तर ही चूक घडत नाही, कारण वेव्हफॉर्म पडद्याकडे न पाहता आकडे मोजतो. एचडी फुटेजची डीव्हीडी बनवताना आणखी एक सूक्ष्म फरक पडतो. एचडीसाठी रेक 709 आणि जुन्या एसडीसाठी रेक 601 अशी रंगांची गणिते वेगळी आहेत. त्यांतील बदल करायचा राहिला तर लाल-हिरव्या छटा किंचित सरकतात आणि त्वचेचा रंग उतरल्यासारखा वाटतो.

फील्डचा क्रम

फ्रेममधील कोणते फील्ड आधी दाखवायचे यावर एकमत नाही. डीव्ही स्वरूपात खालचे फील्ड आधी येते. एसडीआयवरील पाल संकेत आणि 1080 ओळींचा इंटरलेस एचडी यांत वरचे. डीव्हीडीला दोन्ही चालतात, मात्र कोणते ते अचूक नोंदवलेले हवे. डीव्हीच्या टाइमलाइनवरून चुकीच्या क्रमाने एक्स्पोर्ट केले तर क्षण 1, 2, 3, 4 ऐवजी 2, 1, 4, 3 असे दिसतात. प्रत्येक हालचाल पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. स्थिर दृश्यात काहीच जाणवत नाही. फेर धरणाऱ्या बायका किंवा वरातीतील नाच आला की चित्र थडथडते. संगणकाच्या पडद्यावर हा दोष बहुधा दिसत नाही, एलसीडी टीव्ही तो थोडाफार झाकतो आणि जुन्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही तत्काळ उघड करतो. एवढ्याच कारणासाठी संपादनाच्या टेबलावर एक ट्यूबचा टीव्ही ठेवणे पुष्कळ वर्षे शहाणपणाचे होते. क्रमाची नोंद चुकली असेल तर फाइलचा अर्थ नव्याने सांगणे पुरते. चित्रच उलट्या क्रमाने बांधले गेले असेल तर ते एक ओळ वर किंवा खाली सरकवल्याने दोन्ही फील्डची अदलाबदल होते. याच नियमाची दुसरी बाजू अशी की लहान चौकटीत बसवलेले दृश्य विषम संख्येने ओळी सरकले, तर फक्त त्या चौकटीतले चित्र थडथडते आणि भोवतीचे ठीक राहते.

थरथरणारी शिरोरेखा

इंटरलेस चित्रात एकाच ओळीची जाडी असलेली आडवी रेघ फक्त एका फील्डमध्ये असते. ती सेकंदाला 50 ऐवजी 25 वेळा उजळते, आणि हे लुकलुकणे डोळ्याला जाणवते. रोमन लिपीच्या नामावल्यांत अशा रेघा तुटक असतात. देवनागरीत शब्दाच्या माथ्यावर सलग शिरोरेखा असल्याने वधूवरांची नावे आणि श्रेयनामावली हा दोष ठळकपणे दाखवतात. साडीची बारीक किनारही त्याच प्रकारे थरथरते. शिरोरेखा किमान दोन-तीन ओळींइतकी जाड असेल असा ठसठशीत टाइप निवडणे आणि उभ्या दिशेने किंचित धूसरता देणे, हे उपाय पुरेसे ठरतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी फ्लिकर कमी करणारा फिल्टर असतो. नामावली वर सरकत असेल तर तिचा वेग प्रत्येक फील्डला पूर्ण ओळींमध्ये बसवावा लागतो, अन्यथा मजकुराच्या कडा फाटलेल्या दिसतात.

लांबट चेहरे

पालचे डिजिटल चित्र 720 गुणिले 576 पिक्सेलचे असते, पण ते पिक्सेल चौरस नसतात. त्याच 720 पिक्सेलमध्ये 4:3 चित्र मावते आणि 16:9 चित्रही. चौरस पिक्सेलमध्ये मोजल्यास पहिल्याची रुंदी साधारण 768 आणि दुसऱ्याची 1024 भरते. यांतले कोणते हे फाइलमधील एक छोटी नोंद सांगते. ती वाटेत हरवली की रुंद चित्र आक्रसून सगळे उभट आणि सडपातळ होतात. कॅप्चर, टाइमलाइन, एन्कोडर, ऑथरिंग आणि टीव्ही या पाचही ठिकाणी हे गुणोत्तर स्वतंत्रपणे विचारले जाते, म्हणून टाइमलाइनवर एक वर्तुळ ठेवून ते शेवटी वर्तुळच राहते का हे पाहणे ही सर्वांत जलद परीक्षा. पालच्या 4:3 पिक्सेलसाठी काही सॉफ्टवेअर 1.067 तर काही 1.094 हा आकडा वापरतात. अडीच टक्क्यांचा तो फरक दोन प्रोग्रॅममधून फिरलेल्या चित्राच्या कडेला काळी पट्टी ठेवून जातो.

हरवलेला आवाज

बाहेरचा मॉनिटर जोडताच संगणकाच्या स्पीकरमधून आवाज येणे बंद होते, ही ध्वनीची सर्वांत नेहमीची तक्रार. येथे सॉफ्टवेअरने चित्राबरोबर ध्वनीही त्या उपकरणाकडे वळवलेला असतो. टीव्हीचा आवाज वाढवला की तो तिथे सापडतो. निवड संगणकाकडे परत आणता येते, पण मग नवी अडचण उभी राहते: कॅमेऱ्यातून फिरून टीव्हीवर पोहोचणारे चित्र काही फ्रेम मागे राहते आणि संगणकाचा आवाज पुढे धावतो. ओठ जुळतात की नाही हे ठरवायचे असेल तर चित्र आणि ध्वनी एकाच मार्गाने गेलेले असावेत. त्याखेरीज विंडोजमध्ये ठरवलेले मुख्य ध्वनी-उपकरण आणि संपादन-सॉफ्टवेअरमधील एएसआयओ ड्रायव्हर भिन्न असू शकतात. अशा वेळी गाणी ऐकू येतात, टाइमलाइन मुकी राहते. मीटर हलतो का, हा प्रश्न येथे साखळीचे दोन भाग करतो. मीटर हलत असेल तर फाइल आणि टाइमलाइन निर्दोष, दोष बाहेरच्या मार्गात.

ओठ आणि आवाज

चित्र-ध्वनीतील तफावत दोन जातींची असते आणि त्यांचे उपाय पूर्णपणे वेगळे असतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहणारी तफावत म्हणजे विलंब: टीव्हीची चित्र-प्रक्रिया, ध्वनीचे बफर किंवा एन्कोडरने धरलेला चुकीचा आरंभ. ठरावीक मिलिसेकंदांची सरक दिली की ती जाते. हळूहळू वाढत जाणारी तफावत म्हणजे दोन घड्याळांमधील मतभेद. लग्नात ध्वनी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला तर कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या स्फटिकांत दशलक्षात 50 भागांचा फरकही तासाभरात 0.18 सेकंद, म्हणजे साडेचार फ्रेम होतो. लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करून जागोजागी जुळवणे किंवा ध्वनीची लांबी त्या प्रमाणात बदलणे, हे दोनच खरे उपाय आहेत.

नमुना-दराची चूक याहून ढोबळ असते. सीडीचा दर 44.1 किलोहर्ट्झ, व्हिडिओचा 48. सीडीवरील मंगलाष्टके रूपांतर न करता 48 च्या दराने वाजवली गेली तर तासाचा ध्वनी 55 मिनिटे साडेसात सेकंदांत संपतो आणि स्वर सुमारे दीड अर्धस्वराने चढतो. डीव्ही कॅमेऱ्यात 48 किलोहर्ट्झ, 16 बिट आणि 32 किलोहर्ट्झ, 12 बिट असे दोन पर्याय असत, आणि अनेक घरगुती कॅमेरे मुळात दुसऱ्यावर लावलेले येत. दोन कॅमेऱ्यांच्या टेप एका टाइमलाइनवर आल्या की कटकट सुरू होते. तफावत किती चालते, यावर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी 1359 या शिफारशीतील आकडे उपयोगी आहेत. ध्वनी चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येतो, पण मागे पडलेला ध्वनी 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. निसर्गात आवाज दृश्याच्या मागूनच येतो, त्यामुळे कानाला उशीर सोसतो.

एकमेकांना खोडणारे चॅनल

हेडफोनवर भाषण ठीक ऐकू येते, फक्त ते डोक्याच्या मध्यभागी न वाटता दोन्ही बाजूंना पसरल्यासारखे भासते. एका स्पीकरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर मात्र वक्ता जवळजवळ गायब होतो आणि सभागृहाची कुजबुज तेवढी उरते. सभागृहाच्या मिक्सरमधून बॅलन्स्ड केबलने ध्वनी घेऊन तो चुकीच्या अ‍ॅडॅप्टरने कॅमेऱ्याच्या स्टिरिओ तोंडात घातला की हे हमखास घडते. बॅलन्स्ड केबलच्या दोन तारांत एकच संकेत सुलट आणि उलट असा वाहतो. स्टिरिओ तोंडात सुलट डावीकडे आणि उलट उजवीकडे जातो, आणि दोन्ही मिसळले की बेरीज शून्य. एका चॅनलची कला उलटवणे, किंवा एकच चॅनल ठेवून तो दोन्हीकडे वापरणे, यांनी दोष पूर्ण सुधारतो. ध्वनिदोषांत इतका निःशेष बरा होणारा दुसरा क्वचितच असेल. अट एवढीच की एक्स्पोर्टपूर्वी कोणीतरी मोनोमध्ये ऐकलेले असावे.

सलग 50 हर्ट्झची गुणगुण ही निराळी गोष्ट. संगणक आणि टीव्ही दोन ठिकाणी जमिनीशी जोडले गेले की त्यांच्यामधल्या केबलमधून मुख्य विजेचा अंश वाहतो. टीव्हीची केबल-जोडणी काढताच गुणगुण थांबली तर मूळ सापडले. ध्वनीच्या तारेत विलगक ट्रान्सफॉर्मर बसवणे हा उपाय आहे; प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे जिवावर बेतू शकते.

डिस्कवरचा मंद आवाज

टाइमलाइनवर भरदार असलेला ध्वनी डीव्हीडीवर दबका येतो, तेव्हा पातळीपेक्षा एसी-3 एन्कोडरची नोंद तपासावी. डॉल्बीच्या या पद्धतीत संवादाची सरासरी पातळी सांगणारा एक आकडा फाइलमध्ये लिहिला जातो आणि प्लेअर त्यानुसार आवाज कमी करतो. आकडा उणे 31 असेल तर काही बदल होत नाही. अनेक एन्कोडरमध्ये मूळ मूल्य उणे 27 असते, आणि तेवढ्याने आवाज 4 डेसिबलने उतरतो. जोडीला चित्रपटांसाठीचे कॉम्प्रेशन चालू असते, ते सनई-चौघड्याच्या उंच जागा आणखी दाबते. स्वतः समतोल केलेल्या मिश्रणासाठी उणे 31 ठेवून कॉम्प्रेशन बंद करणे बहुधा बरे पडते.

तबकडीची रचना

डीव्हीडी-व्हिडिओ ही फाइलींची एक ठरीव मांडणी आहे. व्हिडिओ-टीएस या फोल्डरमध्ये तीन जातींच्या फाइली असतात. व्हीओबीमध्ये चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके एकत्र विणलेली असतात व अशी एक फाइल 1 जीबीपेक्षा मोठी नसते. आयएफओमध्ये काय कुठे आहे याचा नकाशा असतो. बीयूपी ही त्या नकाशाची राखीव प्रत. हे फोल्डर साध्या डेटासारखे कॉपी केले तर संगणक ते वाजवतो, पण घरातला प्लेअर पुष्कळदा नाकारतो, कारण त्याला यूडीएफ 1.02 ही फाइल-व्यवस्था आणि फाइलींचा ठरावीक क्रम हवा असतो. म्हणून रायटिंग सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी-व्हिडिओ हाच प्रकार निवडावा लागतो. पाल डिस्कवर एमपीईजी-2 चित्राचा एक गट जास्तीत जास्त 15 फ्रेमचा असतो आणि अध्यायाची खूण गटाच्या पहिल्या फ्रेमवरच बसते. खूण आधीच एन्कोडरला कळवली नाही तर ती अर्ध्या सेकंदापर्यंत सरकते, आणि सप्तपदीचा अध्याय आधीच्या दृश्याच्या शेपटाने सुरू होतो.

बिटांचा हिशेब

एकपदरी डीव्हीडीत 4.7 अब्ज बाइट मावतात. विंडोज हीच जागा 4.38 जीबी म्हणून दाखवते, आणि प्रोजेक्ट मावत नसल्याच्या निम्म्या तक्रारी या दोन मोजणींतून निघतात. दोन तासांच्या कार्यक्रमाला ही जागा वाटली तर सेकंदाला सरासरी 5.2 मेगाबिट मिळतात. मांडणीसाठी चार टक्के राखून ठेवले की उरतात 5. आता ध्वनी कोणता निवडला यावर चित्राचे भवितव्य ठरते. 48 किलोहर्ट्झचा पीसीएम स्टिरिओ 1.536 मेगाबिट घेतो, चित्राला साडेतीनच्या आत उरतात आणि गर्दीच्या दृश्यात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. एसी-3 ला 0.224 पुरतात, चित्राला 4.8 च्या जवळपास मिळतात आणि ठोकळे बव्हंशी जातात. अशा वेळी चित्राची तक्रार घेऊन एन्कोडर बदलत बसणे व्यर्थ.

दुसऱ्या टोकाला, कार्यक्रम छोटा आहे म्हणून दर अमर्याद वाढवता येत नाही. चित्रासाठी 9.8 आणि सर्व मिळून 10.08 मेगाबिट ही प्रमाणातील मर्यादा. घरी लिहिलेल्या डिस्कसाठी 8 च्या वर न जाणे इष्ट, कारण जुने प्लेअर त्या वेगाला अडखळतात. तीन तासांचे चित्रण एका पदरात कोंबण्यापेक्षा दोन डिस्क, दुपदरी 8.5 जीबीची डिस्क किंवा 352 गुणिले 576 चे अर्धे चित्र हे पर्याय अधिक प्रामाणिक आहेत.

मेन्यू आणि देवनागरी उपशीर्षके

डीव्हीडीच्या मेन्यूत मागचे चित्र आणि त्यावरचा चार रंगांचा पातळ थर असे दोन भाग असतात. बटण उजळते ते या थरामुळे. छायाछटा असलेले सुबक बटण संगणकावर देखणे दिसते आणि टीव्हीवर त्याच्या कडा खडबडीत होतात, याचे कारण हे चारच रंग. प्रत्येक बटणावरून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठे जायचे आणि दृश्य संपल्यावर काय करायचे हे लिहिलेले नसेल, तर रिमोट जागीच अडकतो. टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतो, त्यामुळे अक्षरे मधल्या 80 टक्क्यांत ठेवतात.

उपशीर्षकेही डिस्कवर चित्रांच्या रूपात असतात, त्यामुळे प्लेअरला लिपी कळण्याची गरज नसते. देवनागरी बिघडते ती ऑथरिंगच्या टप्प्यावर. अनेक जुन्या प्रोग्रॅमना अक्षरजुळणी येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षरामागे जाते, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखे जुन्या संकेतावलीतले फॉन्ट वापरून ही अडचण अनेक वर्षे टाळली गेली. युनिकोडचा मजकूर अक्षरजुळणी येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून बनवून वेळेसह आयात करणे हा अधिक टिकाऊ मार्ग. डिस्कच्या नावात मात्र देवनागरी चालत नाही. रोमन कॅपिटल अक्षरे, अंक आणि खालची रेघ एवढ्यांतच 32 अक्षरांचे नाव बसवावे लागते.

लेखन आणि तपासणी

थेट टाइमलाइनवरून डिस्क लिहिणे सोयीचे असते, पण दोष कुठला हे नंतर सांगता येत नाही. आधी फोल्डर, मग आयएसओ इमेज, मग डिस्क असे टप्पे ठेवले तर प्रत्येक ठिकाणी चालवून पाहता येते. फोल्डरच अडखळला तर चूक एन्कोडिंगची किंवा ऑथरिंगची. इमेज ठीक आणि डिस्क खराब, तर लेखनाची. डिस्क कुठे अडते यावरूनही निदान होते. लेखन आतून बाहेर जाते. प्रत्येक प्रत एकाच दृश्यावर थांबत असेल तर तिथे दराची उसळी आहे. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी पण शेवटच्या भागातच अडत असतील तर कोरी डिस्क हलकी आहे किंवा वेग जास्त झाला. 16 पट वेगाची डिस्क 8 पटीने लिहिणे हा मध्यम मार्ग बहुतेकदा चांगला ठरतो. फायनलाइज न केलेली डिस्क लिहिणाऱ्या यंत्राबाहेर सहसा चालत नाही. डीव्हीडी प्लस-आर जुन्या प्लेअरने नाकारल्यास तिचा बुकटाइप डीव्हीडी-रॉम करून पाहतात. कागदी लेबल शक्यतो टाळावे. ते वाकडे बसले तर तोल जातो, सुकताना डिस्क वाकते आणि फिरण्याच्या वेगात वाचन चुकते.

ब्लू-रेचा एक अडथळा

एकपदरी ब्लू-रेत 25 जीबी मावतात, त्यामुळे बिटांचा हिशेब सैल होतो. भारतातील कॅमेऱ्यांशी तिचे एक वाकडे आहे. सेकंदाला 25 पूर्ण फ्रेमचे 1080 चित्र या प्रमाणात थेट बसत नाही. 24 पूर्ण फ्रेम किंवा 50 इंटरलेस फील्ड चालतात. 25 फ्रेमचे फुटेज 50 फील्डच्या वेष्टनात घातले की प्रश्न सुटतो, कारण दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असल्याने चित्राचे काही नुकसान होत नाही. ऑथरिंग सॉफ्टवेअर फाइल नाकारते तेव्हा दोष फाइलचा नसून या नोंदीचा असतो.

पाल डिस्क परदेशात

अमेरिकेतील नातेवाइकांकडे पाठवलेली लग्नाची डीव्हीडी तिथे चालत नाही, तेव्हा दोष विभाग-संकेताला दिला जातो. भारताचा विभाग 5 आणि अमेरिकेचा 1 हे खरे. पण घरी बनवलेल्या डिस्कवर असे बंधन सहसा घातलेलेच नसते. अडते ते पाल आणि एनटीएससी यांच्यात. भारतातील बहुतेक प्लेअर दोन्ही वाजवतात, अमेरिकेतील अनेक फक्त एनटीएससी. संगणकावर दोन्ही चालतात, म्हणून निदानाची पहिली पायरी तीच. पाठवण्याची प्रत बनवायची तर 576 ओळी 480 वर आणि सेकंदाची 50 फील्ड 59.94 वर न्यावी लागतात. हे रूपांतर तयार डिस्कवरून न करता मूळ मास्टरवरून केले तर एमपीईजीची दुसरी खरवड टळते. ध्वनी दोन्हीकडे 48 किलोहर्ट्झचाच असतो आणि कार्यक्रमाची लांबी बदलत नाही, त्यामुळे त्याला हात लावण्याचे कारण नाही. मात्र तो एमपी2 स्वरूपात असेल तर एसी-3 किंवा पीसीएममध्ये नव्याने काढावा, कारण एनटीएससी प्लेअरने एमपी2 वाजवलाच पाहिजे असे बंधन नाही. चित्र येईल आणि आवाज येणार नाही.